पलीकडे पाच जास्त

अलीकडे सेहेचाळीस कमिट होते आणि पलीकडे एक्कावन्न. मी तीनदा मोजले, दोनदा प्रोग्रॅम चालवून आणि एकदा पडद्यावर बोट ठेवून.

"पाच जास्त आहेत," मी म्हणाले.

"कमी असते तर काळजी होती," शेजारच्या टेबलावरून इरफान मुजावर म्हणाला. "जास्त म्हणजे तुझ्या पुलाला पिल्लं झाली. पेढे आण."

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची सात माणसांची कंपनी होती. शाळेतल्या मुलांची ऐकण्याची चाचणी घेणारं यंत्र आम्ही बनवायचो. मुलाच्या कानाला हेडफोन लावायचे, बारीक बारीक होत जाणारी शिट्टी ऐकवायची, आणि ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. या यंत्रातला प्रोग्रॅम कुणी, केव्हा, कशासाठी बदलला याची नोंद ठेवणारी एक व्यवस्था असते. तिच्यातली एक नोंद म्हणजे एक कमिट. आमच्याकडे त्यासाठी पहिल्यापासून मर्क्युरिअल होतं. त्या वर्षी बंगळूरच्या एका कंपनीशी करार झाला आणि ते लोक गिट ही दुसरी व्यवस्था वापरत होते. शिखरे सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना गिटवर जायला सांगितलं. सगळे गेले. नलिनी आवटी मॅडम तेवढ्या राहिल्या.

मॅडमना दिसत नव्हतं. यंत्रातला सगळ्यात अवघड भाग, शिट्टी तयार करणारा, त्यांचा होता. त्यांच्या टेबलावरचा पडदा बहुतेक वेळा बंदच असायचा. संगणक प्रत्येक ओळ वाचून दाखवायचा आणि त्या ऐकून टाइप करायच्या. या कामासाठी त्यांनी स्वतःची बरीच छोटी छोटी अवजारं बनवली होती आणि ती सगळी जुन्या व्यवस्थेवर बेतलेली होती.

"गिट शिकेन की मी," बैठकीत त्या म्हणाल्या होत्या. "पण अवजारं नव्याने बांधायची तर सहा महिने द्या."

"सहा महिने कुठनं आणू मॅडम? काम या महिन्यात सुरू होतंय," सर म्हणाले. "तोवर तुम्ही शाळांचे फोन घ्या. तुमच्याइतकं शांत कोण बोलतंय आपल्यात?"

सरांना ती खरोखरच सोय वाटत होती. मॅडम "बघू" म्हणाल्या आणि टेबलावरचे हात त्यांनी मांडीवर घेतले.

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी तिथे नुकतीच लागले होते. मी म्हणाले की दोन्ही व्यवस्थांमध्ये पूल बांधता येईल. मॅडमनी जुन्यातच काम करावं. माझा प्रोग्रॅम त्यांच्या संगणकावर बसेल, दर तासाला 'नवीन काय?' असं जुन्या व्यवस्थेला विचारेल, आलेलं उत्तर वाचेल आणि गिटमध्ये तसंच्या तसं उतरवेल. तिकडचे बदल इकडेही आणेल. सरांनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली. पूल चालला तर मॅडम होत्या तिथेच राहतील, नाही चालला तर सोमवारपासून फोनवर.

माझ्या संगणकावर पूल बिनचूक चालला होता. मॅडमच्या संगणकावर बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाच जास्त निघाले.

मी ते पाच उघडून बघितले. पाचही मॅडमच्या नावावर होते आणि एकातही प्रोग्रॅमची एक ओळ बदललेली नव्हती. नुसतं शीर्षक. तीन कमिटांचं शीर्षक एकच होतं: 'काही बदललेलं नाही. निवांत बस.' चौथ्याचं: 'ही फाइल तुझ्या ओळखीची नाही. हळू जा.' पाचव्याचं: 'दोघांनी एकच ओळ बदलली आहे. रागावू नकोस, आधी त्याची बाजू ऐक.'

"हे कोण कुणाला सांगतंय?" मी म्हणाले.

इरफान खुर्ची सरकवत आला, वाकून वाचायला लागला, आणि तेवढ्यात शिखरे सर हातात मोबाइल घेऊन आत आले.

"अर्पिता, बंगळूरचा श्रीनिधी विचारतोय, आवटी मॅडम रिकामे कमिट का पाठवतायत? तो म्हणतोय, कोड काहीच नाही, नुसतं मराठी आहे." त्यांनी चष्मा वर सरकवून मोबाइल जवळ धरला. "'काही बदललेलं नाही. निवांत बस.' हे काय आहे? मला आहे का हे?"

इरफान बुटाची नाडी बांधायला टेबलाखाली गेला. त्याच्या पायात चपला होत्या.

"चूक पुलाची आहे, सर," मी म्हणाले. "मॅडमनी काही पाठवलेलं नाही."

"शुक्रवार लक्षात आहे ना?"

"आहे."

मॅडमची जागा आत, आवाजबंद खोलीच्या शेजारी होती. मी दारात पोचेपर्यंत त्यांनी एका कानावरचा हेडफोन काढला होता.

"अर्पिता ना? चालताना डावी चप्पल घासतेस. बोल."

मी त्यांना पाचही शीर्षकं वाचून दाखवली. पहिल्यालाच त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! हे बंगळूरला गेलं?"

"गेलं."

"आणि त्या श्रीनिधीला 'निवांत बस' म्हणून सांगितलं मी?"

"तीनदा."

त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मग म्हणाल्या, "ते माझ्या कानासाठी आहे गं. व्यवस्था इंग्रजीत जे सांगते, ते माझ्याकडे असं मराठीत सांगते. बाकी काही नाही."

मग माझ्या लक्षात आलं. 'नवीन काय?' या प्रश्नाच्या उत्तरात कमिटांच्या ओळींबरोबर व्यवस्थेची स्वतःचीही काही वाक्यं येतात, 'काही बदल नाही' वगैरे. ती इंग्रजी वाक्यं माझ्या प्रोग्रॅमला ओळखता येत होती आणि तो ती गाळायचा. उरलेली प्रत्येक ओळ म्हणजे कमिट, असं मी धरून चालले होते. मराठी वाक्यं त्याला माहीत नव्हती. त्याने ती कमिट समजून पलीकडे नेली.

"तू माझ्या संगणकाला अगदी माझ्यासारखं विचारतेस," मॅडम म्हणाल्या. "मग तो तुला मीच समजणार की."

"कुणी लिहिल्यात या ओळी?"

"जुन्या आहेत," त्या म्हणाल्या आणि हेडफोन परत कानावर घेतला.

त्या दिवशी मला एक सोपी युक्ती सुचली. देवनागरी अक्षराने सुरू होणारी ओळ दिसली की सोडून द्यायची. तासाभरात ती लागू केली. दुपारी मोजलं तर पलीकडे दोन कमी. मुलांच्या वागण्यामुळे काही बदलायचं असलं की मॅडम कमिटचं कारण मराठीत लिहायच्या, हे मला माहीत नव्हतं. गळालेल्या दोनपैकी एक होता: 'मुलं शिट्टी यायच्या आधीच अंदाजाने बटण दाबतात, म्हणून मधली शांतता दर वेळी वेगळी ठेवली.' आठवडाभराचं काम होतं ते आणि माझ्या पुलाने ते बडबड समजून फेकून दिलं होतं.

बुधवारी मी परत मॅडमकडे गेले.

"मॅडम, त्या मराठी ओळी बंद करता येतील? काही दिवस?"

त्यांनी की-बोर्डच्या कडेवरून बोट फिरवलं.

"येतील की. एका फाइलचं नाव बदललं की झालं."

"तुम्हाला अडचण?"

"इंग्रजी येतं मला." त्या हसल्या आणि तिथल्या तिथे त्यांनी नाव बदललं. मग व्यवस्थेला विचारलं, नवीन काय. टेबलावरच्या लहान स्पीकरमधून एक बाई सपाट इंग्रजीत बोलली आणि गप्प झाली.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"झालं."

त्या दिवशी आणि गुरुवारी सकाळी दोन्हीकडचे आकडे जुळले. मी खूश होते. मी तसं इरफानला सांगायला गेले, तर तो पडद्याकडे बघत बसला होता.

"मॅडमनी माझी ओळ पुसली," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आम्ही दोघांनी एकच ओळ बदलली होती. त्यांनी त्यांची ठेवली, माझी काढून टाकली. त्यांचीच बरोबर असेल, त्याचं काही नाही. पण असं कधी झालेलं नाही गं. दर वेळी उठून इथवर येतात, भिंतीला हात लावत, आणि म्हणतात, 'मुजावर, तुझं काय म्हणणं आहे?' एकदा तर माझी ओळ चुकीची होती, तरी अर्धा तास ऐकून घेतली."

"तू विचारलंस त्यांना?"

"मी काय विचारू? मला वाटलं, रागावल्या असतील. फोनवर बसवतायत म्हणून."

दुपारी मी माझा डबा घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्या चपातीचा तुकडा हातात घेऊन तशाच बसल्या होत्या.

"मुजावरने सांगितलं?" त्या म्हणाल्या.

"तो रागावलेला नाही."

"मी रागवायला पाहिजे, स्वतःवर. संगणक म्हणाला इंग्रजीत काहीतरी, ते कानावरून गेलं. मी माझ्या ओळीची वाट बघत होते, ती आली नाही. म्हटलं, म्हणजे सगळं ठीक असणार." त्यांनी तुकडा तोंडात टाकला. "होईल सवय. नाही तर फोन आहेतच."

"मॅडम, कुणी लिहिल्या त्या?"

"मीच."

"कधी?"

"डोळ्यांचं कळलं तेव्हा. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी कडेने अंधारत जाईल, मग मधलंही जाईल. साधारण दोन वर्षं धरा म्हणाले. सगळे नातेवाईक सांगायला लागले, दोन वर्षांत काय बघायचं ते बघून घे. काश्मीर बघ म्हणाले."

"बघितलंत?"

"महाबळेश्वरला गेले. धुकं होतं."

मला हसू आवरलं नाही. त्याही हसल्या.

"मग मी हिशेब केला," त्या म्हणाल्या. "काम तर सोडणार नव्हते. म्हणजे पुढे या खुर्चीवर एक बाई बसणार. तिला दिसणार नाही. संगणक दिवसभर तिच्याशी इंग्रजीत बोलणार, हे चुकलं, ते सापडत नाही, ते जुळत नाही. ती बाई कशी असेल ते मला काय माहीत? चिडकी असेल, रडूबाई असेल. पण घाबरलेली असणार, एवढं नक्की. म्हणून व्यवस्थेची सगळी वाक्यं एका फाइलीत काढली आणि रोज घरी गेल्यावर दोन-दोन, तीन-तीन तिच्यासाठी मराठीत लिहीत गेले. शेवटी शेवटी अक्षरं एवढी मोठी करायला लागायची की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावायचा."

"आणि 'रागावू नकोस'?"

"तेव्हा मी फार भांडायचे. मला वाटलं, दिसेनासं झाल्यावर आणखी भांडेन."

मग मी विचारलं, "आणि ती बाई आली?"

"आली की." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "घाबरलेलीच होती."

टेबलाशी परत आल्यावर मी मर्क्युरिअलचं मॅन्युअल उघडलं. तोवर मी त्यातलं लागेल तेवढंच पान बघत आले होते. या वेळी पहिल्यापासून वाचायला लागले. मला हवं होतं ते तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. विचारणारा माणूस आहे की प्रोग्रॅम, यात व्यवस्था फरक करते, पण प्रोग्रॅमने तसं आधी सांगावं लागतं. एक खूण लावून विचारलं की ती समोरच्याची भाषा, रंग, आवडीनिवडी सगळं बाजूला ठेवते आणि ठरलेल्या साच्यात उत्तर देते. ती खूण लावणाऱ्या प्रोग्रॅमपुरतीच असते. त्याच संगणकावर बसलेल्या माणसाच्या कामात तिच्यामुळे काहीच बदलत नाही. उत्तराचा साचाही आपला आपल्याला ठरवता येतो. एका कमिटनंतर दुसरा कुठे सुरू होतो हे मी आतापर्यंत ओळींवरून ठरवत होते. आता दोन कमिटांच्या मध्ये मी असं एक चिन्ह मागितलं, जे कुठल्याही की-बोर्डवर नसतं आणि कुणी लिहिलेल्या वाक्यात येऊच शकत नाही. मग वाक्य मराठीत असो, त्यात रिकाम्या ओळी असोत की रेघा असोत, कमिटची हद्द चुकण्याचा प्रश्न उरला नाही.

व्यवस्थेची वाक्यं ओळखणारी माझी आधीची यादी मी पुसून टाकली. प्रोग्रॅम पहिल्यापेक्षा लहान झाला.

चारच्या सुमारास मी मॅडमकडे गेले.

"त्या फाइलचं नाव परत पहिल्यासारखं करा."

"आणि पूल?"

"पूल आता तुमच्यासारखं विचारत नाही. त्याचं तो वेगळं विचारतो. तुमचं तुम्हाला मिळेल."

"नक्की? उद्या शुक्रवार आहे. माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस हं. मला दया नको, चालणारा पूल पाहिजे."

"करून बघा, मॅडम."

त्यांनी नाव बदललं आणि मुद्दाम एक नसलेली फाइल मागितली. त्या वाक्यांना मराठी आवाज तेव्हा मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी हिंदी आवाज लावला होता, आणि त्याला 'ळ' म्हणता यायचा नाही.

"ही फाइल तुझ्या ओलखीची नाही," स्पीकर म्हणाला. "हलू जा."

मॅडमनी खांदे सैल सोडले आणि खुर्चीत मागे टेकल्या. त्याच वेळी माझ्या प्रोग्रॅमने त्याच संगणकाला त्याच्या पद्धतीने विचारलं आणि त्याला मिळालेल्या उत्तरात यातला एकही शब्द नव्हता.

"इरफानला बोलाव," त्या म्हणाल्या. "मोडायचं काम त्याच्याइतकं कुणाला जमत नाही."

बंगळूरला न जाणाऱ्या एका वेगळ्या प्रतीवर इरफानने मनापासून मोडायचा प्रयत्न केला. कमिटच्या वर्णनात त्याने उर्दू लिहिलं, रेघा मारल्या, मधे सहा ओळी रिकाम्या सोडल्या, व्यवस्थेचीच इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी चिकटवली. एका कमिटच्या पोटात दुसरा खोटा कमिट लिहून ठेवला. सगळं जसंच्या तसं पलीकडे गेलं.

"छे," तो म्हणाला. "आता काय, पेढे मीच आणायचे?"

"आधी इकडे ये," मॅडम म्हणाल्या. "सकाळी तुझी ओळ काढली मी. तुझं काय म्हणणं होतं, सांग."

तो खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. मी तिथून निघाले.

शुक्रवारी तीन वाजता शिखरे सरांच्या खोलीत आम्ही चौघं होतो आणि टेबलावर मधे फोन होता. पलीकडे श्रीनिधी. मी पुलाची तयारी करून बसले होते, पण त्याने पुलाबद्दल काही विचारलंच नाही.

"आवटी मॅडम आहेत का?" तो हिंदीत म्हणाला. "शिट्टी सुरू होते त्या क्षणी एक टिक ऐकू येते. खूप बारीक आवाजाला मुलं शिट्टीऐवजी ती टिक ऐकून बटण दाबतील. आम्ही चार दिवस शोधतोय."

मॅडम पुढे सरकल्या आणि त्याच्याशी एकदम कानडीत बोलायला लागल्या. मिरजेचं त्यांचं माहेर, घरात आईशी त्या कानडीच बोलायच्या, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. श्रीनिधीचा आवाजच बदलला. सर माझ्याकडे बघत होते, मी इरफानकडे.

"फोनवर टिक ऐकू येणार नाही, फोन ती गिळतो," मॅडम आमच्यासाठी मराठीत म्हणाल्या. "पण तो सांगतोय त्यावरून कळलं. त्यांच्या यंत्राचा वेग वेगळा आहे, त्यामुळे माझी शिट्टी हळूहळू वर चढायच्या ऐवजी उडी मारतेय. पंधरा मिनिटं द्या."

त्या आत गेल्या. खोलीत आम्ही तिघं उरलो. दाराच्या पलीकडून की-बोर्डचा आवाज येत होता, मधे मधे स्पीकर काहीतरी म्हणायचा, मग पुन्हा की-बोर्ड.

"त्या ओळी चालूच आहेत?" सरांनी हळूच विचारलं.

"हो सर."

"आणि बंगळूरला जात नाहीत?"

"नाही."

त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. "त्यात माझ्यासाठी एखादी असली तर सांग," ते म्हणाले. मग इरफानकडे वळले. "शाळांच्या फोनसाठी माणूस लागणार म्हणजे आपल्याला. सोमवारी जाहिरात द्यायला सांग."

मॅडमनी आतून हाक मारली, "अर्पिता, सोड गं."

मी पूल चालवला. श्रीनिधीने नवीन प्रोग्रॅम यंत्रात भरला आणि त्याच माइकने, त्याच खोलीत परत मोजलं. टिक बावीस डेसिबलने खाली आली होती. दोन्हीकडच्या फाइली मी ताडून पाहिल्या. फरक शून्य बाइट.